वाहनतळाचे शुल्क आणि मोबाईल ॲप : गंगापूरच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयप्रवेश

रस्ता हा मुख्यतः येण्याजाण्यासाठी असतो; त्यावर वाहन उभे करून ठेवणे हा त्याचा दुय्यम उपयोग होय. तथापि वाहनांची संख्या वाढत गेली म्हणजे हा दुय्यम उपयोग मुख्य उपयोगाच्या आड येऊ लागतो, आणि मग उभ्या वाहनाकडून शुल्क घ्यावे काय, घ्यावे तर किती, ते कोणी घ्यावे आणि कोणत्या साधनाने घ्यावे, असे चार प्रश्न नगरशासनापुढे उभे राहतात. यांपैकी शेवटच्या, म्हणजे साधनाच्या प्रश्नास गेल्या दशकात मोबाईल ॲपने एक नवे उत्तर दिले आहे. ते उत्तर इतके सोयीचे आहे की, त्यामुळे पहिले तीन प्रश्नही आपोआप सुटल्याचा भास व्हावा. हा भास कितपत खरा आहे याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयाची चर्चा सामान्यतः मुंबई-पुण्यासारख्या महानगरांच्या संदर्भात होते. येथे मात्र गंगापूर हे तालुक्याचे गाव मुद्दाम विचारासाठी घेतले आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील हा तालुका एका बाजूस वाळूजच्या औद्योगिक क्षेत्रास भिडलेला, दुसऱ्या बाजूस कायगावपाशी गोदावरीला टेकलेला, आणि लासूर स्टेशनमुळे लोहमार्गाशी जोडलेला असा आहे. तालुक्याच्या ठिकाणी नगरपरिषद, तहसील, न्यायालय, बँका, बसस्थानक आणि आठवडी बाजार ही सर्व एकत्र आल्यामुळे खेड्यापाड्यांतील माणूस निरनिराळ्या कामांसाठी तेथे येतो, आणि अलीकडे तो बहुधा स्वतःच्या दुचाकीवरून येतो. अशा गावी उभ्या वाहनांचा प्रश्न महानगराहून वेगळ्या स्वरूपाचा असतो. तेथे गर्दी रोजची नसून वाराची असते. मोटारींपेक्षा दुचाकी, टेम्पो आणि ट्रॅक्टर यांचा भरणा अधिक असतो. आणि शुल्क द्यावयाचे झाल्यास ते पाच-दहा रुपयांच्या पलीकडचे नसते. महानगरासाठी आखलेली योजना तशीच्या तशी उचलून अशा गावी आणल्यास काय साधेल आणि काय बिघडेल, हे आधीच पाहून ठेवणे उपयुक्त ठरेल.

२. वसुलीची जुनी साधने

उभ्या वाहनांवरील शुल्क वसूल करण्याची दोन साधने ॲपपूर्वी सर्वत्र रूढ होती. एक नाण्यावर चालणारे यंत्र आणि दुसरे पावतीपुस्तक घेतलेला माणूस.

यंत्राचा प्रारंभ अमेरिकेत झाला. ओक्लाहोमा सिटी येथे १६ जुलै १९३५ रोजी पहिले पार्किंग मीटर बसविण्यात आले. कार्ल मॅगी या वृत्तपत्र-संपादकाची ही कल्पना होती आणि तासाला पाच सेंट असा त्याचा दर होता. दुकानांसमोरची जागा दुकानांत काम करणाऱ्यांच्याच मोटारी दिवसभर अडवीत, त्यामुळे गिऱ्हाइकास जागा मिळत नसे, ही तेथील तक्रार होती. म्हणजे मीटरचा मूळ हेतू उत्पन्न हा नसून जागा फिरती ठेवणे हा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या यंत्राचा दुसरा गुण असा की, नाणे एकदा आत पडले म्हणजे ते नगराच्या कुलूपबंद पेटीत जाई. मधल्या माणसाच्या हाती ते येत नसे.

भारतात यंत्रापेक्षा माणसावर भर राहिला आणि माणसाच्या मागे ठेका आला. मराठवाड्यात ठेकेदारास ‘गुत्तेदार’ म्हणतात. बाजारातील जागेची तहबाजारी असो की वाहनतळाचे शुल्क असो, स्थानिक संस्था वर्षभराच्या वसुलीचा लिलाव करते. जो अधिक बोली लावील त्यास गुत्ता मिळतो. तो ठरलेली रक्कम संस्थेस देतो आणि प्रत्यक्ष वसुली आपल्या माणसांकरवी करतो. संस्थेच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची आहे. नोकर नेमावे लागत नाहीत, उत्पन्न आधीच निश्चित होते, वसुलीची कटकट दुसऱ्याच्या माथी जाते. परंतु तिची एक किंमत आहे, आणि ती पैशात मोजता येत नाही. प्रत्यक्ष वसुली किती झाली हे संस्थेस कधीच कळत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी ३०० दुचाकी उभ्या राहतात आणि प्रत्येकीस ५ रुपये पडतात असे मानले, तर एका बाजाराचे १,५०० रुपये व ५२ बाजारांचे ७८,००० रुपये होतात. गुत्ता ४०,००० रुपयांस गेला असेल, तर उरलेल्या ३८,००० रुपयांत मजुरी किती, नफा किती आणि सूट किती हे फक्त गुत्तेदारास ठाऊक असते. पुढील वर्षी लिलावाच्या वेळी संस्थेचा अंदाज हा अंदाजच राहतो. गुत्तेदाराजवळ मात्र माहिती असते. लिलावातील दोन पक्षांपैकी एकच पक्ष जाणता असेल, तर किंमत कोणाच्या बाजूने झुकेल हे सांगावयास नको.

या प्रदेशाच्या इतिहासात या व्यवस्थेचे एक मोठे प्रतिरूप आढळते. हैदराबाद संस्थानात जमीनमहसुलाची वसुली दीर्घकाळ मक्त्याने दिली जात असे. १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाने ती मोडीत काढून पगारी अधिकाऱ्यांची व्यवस्था आणली, आणि १८६५ च्या जिलाबंदीने तिला जिल्हा-तालुक्यांची चौकट दिली. या सुधारणेचे मर्म केवळ रयतेचा छळ थांबविणे एवढेच नव्हते. कोणत्या गावातून किती वसूल होतो याचे ज्ञान मक्तेदाराकडून काढून राज्याच्या दप्तरात आणणे, हेही तिचे मर्म होते. वाहनतळाचे शुल्क ही त्या मानाने क्षुल्लक बाब असली तरी मुळातील प्रश्न तोच आहे.

३. ॲपद्वारे भरणा : त्याची घडण

मोबाईलवरून वाहनतळाचे शुल्क भरण्याची कल्पना ॲपांहून जुनी आहे. एस्टोनियाची राजधानी ताल्लिन येथे २००० सालीच मोबाईल संदेशाद्वारे ही सोय सुरू झाली होती. भारतात ती सामान्य माणसाच्या आटोक्यात आली ती ‘यूपीआय’मुळे. भारतीय राष्ट्रीय देयके निगम, म्हणजेच एनपीसीआय, या संस्थेने एप्रिल २०१६ मध्ये या व्यवस्थेचा प्रारंभ केला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या आणि ३० डिसेंबरला ‘भीम’ हे ॲप आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये यूपीआयच्या एका महिन्यातील व्यवहारांची संख्या प्रथमच १०० कोटींवर गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ती १,००० कोटींवर, तर ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींवर पोहोचली. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर व्यापाऱ्याकडून घ्यावयाचे बँकशुल्क शून्य करण्यात आले. पाच रुपयांच्या वसुलीत बँकेचा वाटा नसणे ही गोष्ट लहान गावासाठी निर्णायक आहे. तो वाटा असता तर इतकी लहान रक्कम या मार्गाने घेणे परवडलेच नसते.

व्यवहाराची घडण थोडक्यात अशी. भरणाऱ्याचे ॲप त्याच्या मोबाईलमधील सिमकार्डाशी व बँकखात्याशी बांधलेले असते. तो समोरचे क्यूआर चिन्ह टिपतो. त्या चिन्हात घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता साठविलेला असतो. रक्कम व गुप्त क्रमांक घातला की मागणी एनपीसीआयच्या यंत्रणेकडे जाते. तेथून भरणाऱ्याच्या बँकेस रक्कम वजा करण्याचा आणि घेणाऱ्याच्या बँकेस ती जमा करण्याचा निरोप जातो. दोन्हींचे होकार आले की उभयतांस संदेश मिळतो. हे सर्व काही सेकंदांत होते. क्वचित रक्कम वजा होते पण पोहोचत नाही. अशा वेळी काय करावयाचे, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवून दिले आहे. त्यानुसार व्यापाऱ्यास दिलेली रक्कम पोहोचल्याची खातरी न झाल्यास ती व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत झाली पाहिजे; त्यापुढील विलंबास दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यावी लागते.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण चर्चेत तो बहुधा नजरेआड होतो. यूपीआयला दोन खाती आणि एक रक्कम एवढेच कळते. कोणते वाहन, कोणत्या जागी, किती वेळ उभे होते हे तिला कळत नाही. रकमेशी या तीन गोष्टींची सांगड घालणे हे वाहनतळाच्या ॲपचे खरे काम होय. त्या ॲपमध्ये वाहनधारक आपल्या गाडीचा क्रमांक नोंदवितो, जागेचा संकेतांक घालतो, वेळ निवडतो आणि मग यूपीआयने भरणा करतो. तपासनीस हातातील यंत्रावर गाडीचा क्रमांक घालून शुल्क भरले आहे की नाही हे पाहतो. काचेवर चिठ्ठी लावण्याचे कारण राहत नाही. वेळ वाढवावयाची असल्यास बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसास तेथूनच ती वाढविता येते.

याउलट वसुली करणाऱ्याच्या गळ्यात नुसते क्यूआर चिन्ह अडकविले, तर पैशाची पिशवी बदलली एवढाच त्याचा अर्थ. ते चिन्ह नगरपरिषदेच्या खात्याचे आहे, गुत्तेदाराच्या खात्याचे आहे, की त्याच्या एखाद्या मजुराच्या खाजगी खात्याचे आहे, हे देणाऱ्यास सहसा कळत नाही. डिजिटल भरणा झाला, परंतु वाहनतळाची नोंद झाली नाही, अशी ही अवस्था असते.

तिसरा प्रकार फास्टॅगचा. राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरनाक्यांसाठी फेब्रुवारी २०२१ पासून हा टॅग सक्तीचा झाला, आणि पुढे काही विमानतळांच्या व मेट्रो स्थानकांच्या वाहनतळांवरही तो वापरात आला. आत-बाहेर जाण्याची दारे ठरलेली असतील अशा बंदिस्त तळास तो योग्य आहे. परंतु दुचाकीस फास्टॅग नसतो. ज्या गावात दुचाकीच अधिक, तेथे या साधनाचा विचार फारसा पुढे जात नाही.

४. नोंदीचा धनी कोण?

वरील विवेचनावरून असे दिसेल की, ॲपमुळे प्रथमच प्रत्यक्ष वसुलीची पूर्ण आणि क्षणोक्षणीची नोंद शक्य झाली आहे. गुत्त्याच्या पद्धतीतील अज्ञान दूर करण्याचे साधन हाती आले आहे. प्रश्न एवढाच उरतो की, ही नोंद कोणाच्या दप्तरात जमा होते?

ॲप नगरपरिषदेचे असेल, किंवा दुसऱ्याने बनविलेले असूनही त्यातील सर्व नोंद नगरपरिषदेच्या हाती पडत असेल, तर पुढील लिलाव ती जाणतेपणाने करू शकेल, किंवा लिलावाची गरजच राहणार नाही. परंतु ॲपच गुत्तेदाराचे असेल आणि करारात नोंदीविषयी काहीच म्हटले नसेल, तर जुनी विषमता नव्या साधनाने अधिक पक्की होईल. पूर्वी गुत्तेदारास वसुलीचा ठोकळ अंदाज होता; आता त्याच्याजवळ वार, तास आणि गाडीचा क्रमांक यांसह तपशील राहील, आणि नगरपरिषदेजवळ पूर्वीप्रमाणेच एका रकमेचा धनादेश.

ही भीती निराधार नाही. अमेरिकेतील शिकागो नगराने डिसेंबर २००८ मध्ये आपल्या सुमारे ३६,००० पार्किंग मीटरांचे उत्पन्न ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खाजगी कंपनीस दिले आणि त्याबद्दल सुमारे ११५ कोटी डॉलर घेतले. पुढील वर्षी नगराच्याच महानिरीक्षकाने असा निष्कर्ष काढला की, हे उत्पन्न नगराने स्वतःजवळ ठेवले असते तर त्याचे मूल्य याहून सुमारे ९७ कोटी डॉलरने अधिक भरले असते. शिवाय रस्त्याच्या दुरुस्तीसाठी किंवा उत्सवासाठी मीटरची जागा बंद ठेवावी लागली, तर नगरानेच कंपनीस भरपाई द्यावी असे करारात होते. म्हणजे स्वतःच्या रस्त्यावर जत्रा भरविण्यासाठी नगरास भाडे मोजण्याची पाळी आली. शिकागोचा आकार आणि गंगापूरचा आकार यांत तुलना नाही. परंतु आपल्या रस्त्याचे मोल स्वतः न जाणता तो दुसऱ्याच्या हाती दिला की काय होते, याचा धडा आकारावर अवलंबून नसतो.

ॲपांची बहुसंख्या हाही याच प्रश्नाचा एक पैलू आहे. ब्रिटनमध्ये प्रत्येक नगरपालिकेने वेगवेगळ्या कंपन्यांशी करार केल्यामुळे वाहनधारकास गावोगावी नवे ॲप घ्यावे लागू लागले. त्यावर उपाय म्हणून तेथील परिवहन खात्याने एक समाईक राष्ट्रीय मंच प्रायोगिक स्वरूपात उभारला. मँचेस्टर येथे त्याचा प्रयोग झाला. कोणत्याही ॲपने कोठेही भरणा करता यावा, ही त्यामागील कल्पना. बँकांच्या बाबतीत भारताने यूपीआयद्वारे नेमके हेच आधी साधले आहे. वाहनतळाच्या नोंदीबाबत मात्र अशी समाईक व्यवस्था आपल्याकडे रूढ झालेली नाही. गंगापूरचा माणूस संभाजीनगरात एक ॲप, पुण्यात दुसरे आणि देवस्थानी तिसरे घेत बसला, तर सोयीचे ओझे होईल.

५. शुल्काचे समर्थन

साधन कितीही उत्तम असले तरी शुल्क न्याय्य आहे की नाही हे साधनावरून ठरत नाही. त्यासाठी दोन कसोट्या आहेत. एक कायद्याची आणि दुसरी अर्थशास्त्राची.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ११७ व्या कलमानुसार राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण संबंधित स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने उभी करण्याच्या जागा ठरवू शकते. गंगापूरसारख्या गावाचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ खाली चालतो. परंतु शुल्क आणि कर यांतील भेद त्याहून मूलगामी आहे. कर्नाटकातील शिरूर मठाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली हा भेद विशद केला. कर हा सार्वजनिक प्रयोजनासाठी घेतला जातो व देणाऱ्यास त्याच्या बदल्यात काही विशिष्ट लाभ मिळेलच असे नाही. शुल्क मात्र विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात असते. पुढील निर्णयांत मोबदल्याचा हा हिशेब काटेकोर असण्याची अट न्यायालयाने सैल केली आहे. तथापि शुल्काचा सेवेशी काही संबंध असावा हे तत्त्व टिकून आहे. वाहनधारकास आखलेली जागा, थोडी सावली, वाहनाची काही देखरेख यांपैकी काहीच मिळत नसेल आणि रस्त्याच्या कडेस चिखलात गाडी लावल्याबद्दल त्यास पाच रुपये द्यावे लागत असतील, तर ते पाच रुपये रोख दिले काय अथवा ॲपने दिले काय, तक्रार तीच राहील.

अर्थशास्त्राची कसोटी निराळी आहे. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९५४ सालीच असे सुचविले होते की, रस्त्यावरील जागेचा दर मागणीप्रमाणे बदलता असावा. डोनाल्ड शूप यांच्या २००५ मधील ग्रंथाने हा विचार नगररचनेत रुजविला. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर एक-दोन जागा नेहमी मोकळ्या राहतील एवढाच दर असावा, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. सॅन फ्रान्सिस्को येथे २०११ पासून हा प्रयोग करण्यात आला. भोगवट्याचे प्रमाण ६० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहावे म्हणून तेथे दर वेळोवेळी वरखाली केले गेले. प्रयोगाच्या अखेरीस सरासरी दर वाढण्याऐवजी सुमारे ४ टक्क्यांनी उतरला असे आढळले. भरल्या गल्लीत दर चढला, परंतु ओस गल्लीत तो खाली आला. शुल्क म्हणजे उत्पन्न वाढविण्याची युक्ती, ही समजूत यावरून तपासून पाहण्यासारखी आहे.

भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही वाहनतळाच्या शुल्काने व्यापलेल्या जमिनीचे खरे मोल व्यक्त व्हावे असे म्हटले आहे. जमीन किती व्यापली जाते याची कल्पना मापांवरून येते. एका मोटारीची आखलेली जागा साधारण २.५ मीटर रुंद व ५ मीटर लांब, म्हणजे १२.५ चौरस मीटर असते. आत येण्याजाण्याची वाट धरून दिल्लीच्या विकास आराखड्यात उघड्या तळावर दर मोटारीमागे २३ चौरस मीटर धरले आहेत. दुचाकीस सुमारे २ चौरस मीटर पुरतात. म्हणून दुचाकीचा दर मोटारीच्या दराच्या सहाव्या हिश्शाहून अधिक असेल, तर जागेच्या हिशेबाने दुचाकीवाला मोटारवाल्याचा भार वाहतो असे म्हणावे लागेल.

महाराष्ट्रातील अनुभव या दोन्ही कसोट्यांचे महत्त्व पटवितो. पुणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये वाहनतळ-धोरण मंजूर केले. परंतु तीव्र विरोधामुळे प्रारंभी पाचच रस्त्यांवर प्रयोग करण्याचे ठरले, आणि तोही दीर्घकाळ कागदावर राहिला. पिंपरी-चिंचवड येथे १ जुलै २०२१ पासून निवडक रस्त्यांवर शुल्क लागू झाले, परंतु नागरिकांचा प्रतिसाद थंड राहिला. मुंबईत जुलै २०१९ पासून सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात बेकायदा उभ्या केलेल्या वाहनांस ५,००० रुपयांपासून पुढे दंड आकारण्यात येऊ लागला. यांपैकी एकाही ठिकाणी अडचण भरण्याच्या साधनाची नव्हती. पुण्यात शुल्काचे समर्थन पटले नव्हते. पिंपरी-चिंचवडमध्ये न भरणाऱ्यास काय होते याचा धाक नव्हता. मुंबईत धाक होता, पण त्याच्या प्रमाणाविषयी वाद होता. ॲपने यांतील एकही उणीव भरून निघाली नसती.

६. न भरू शकणारा आणि फसणारा

ॲपचा विचार करताना ज्याच्याजवळ स्मार्टफोन नाही त्याचा विचार सर्वांत आधी केला पाहिजे. बाजारास आलेला वृद्ध शेतकरी, ज्याच्या फोनमधील शिल्लक संपली आहे असा मजूर, बाजाराच्या गर्दीत ज्याचे जाळे मिळत नाही असा कोणीही, यांस शुल्क देण्याची इच्छा असूनही देता येत नाही अशी स्थिती होऊ नये. साध्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३ पे’ ही सोय आली आणि लहान रकमा गुप्त क्रमांकाशिवाय देता याव्यात म्हणून त्याच वर्षी ‘यूपीआय लाइट’ आले. या सोयी उपयुक्त आहेत, परंतु त्यांनी रोख रकमेची गरज संपत नाही.

महामार्गांवर रोख देणाऱ्याकडून जास्त घेण्याचा नियम करण्यात आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या या नियमानुसार फास्टॅग नसलेल्या वाहनास रोख दिल्यास दुप्पट व यूपीआयने दिल्यास सव्वापट पथकर पडू लागला. महामार्गावर रांग वाढू नये हे त्याचे कारण देता येते. आठवडी बाजारात ते कारण लागू पडत नाही. तेथे रोख देणाऱ्यास जादा दर लावणे म्हणजे जो सर्वांत कमी समर्थ त्याच्याकडून सर्वांत अधिक घेणे होय. यावरचा मार्ग अवघड नाही. वसुली करणाऱ्याने रोख रक्कम घ्यावी आणि गाडीचा क्रमांक आपल्या यंत्रावर घालून तीच नोंद करावी. नोंद एकच असावी, भरण्याचे मार्ग दोन असावेत. असे केल्यास वसुली करणाऱ्या माणसाचे कामही जात नाही. तो पैसे सांभाळणारा न राहता नोंद ठेवणारा आणि गाड्या नीट लावून घेणारा होतो, आणि दुचाकींच्या दाटीत या दुसऱ्या कामाची गरज ॲपने मुळीच कमी होत नाही.

फसवणुकीचा धोकाही विचारात घ्यावा लागतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ मध्ये सॅन अँटोनिओ व ऑस्टिन या नगरांतील पार्किंग यंत्रांवर बनावट क्यूआर चिन्हे चिकटविलेली आढळली. ती टिपणाऱ्याचे पैसे भामट्याकडे जात. उघड्या जागी चिकटविलेले चिन्ह बदलणे सोपे असते आणि ते डोळ्यांनी वाचता येत नाही. म्हणून फलकावर खातेधारकाचे नाव मराठीत ठळक लिहिलेले असावे, आणि पैसे देण्यापूर्वी मोबाईलवर तेच नाव दिसते की नाही हे पाहण्याची सवय लोकांस लावावी.

अखेरची बाब खाजगीपणाची. पावती फाटली की संपते. ॲपमधील नोंद राहते. अमुक क्रमांकाची गाडी दर अमुक वारी अमुक ठिकाणी किती वेळ असते हे तिच्यावरून सांगता येते, आणि लहान गावात गाडीचा क्रमांक म्हणजे जवळजवळ माणसाचे नावच. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला आहे. त्याच्या तत्त्वास धरून शुल्काच्या तपासणीपुरता काळ गेला की नोंदीतील गाडीचा क्रमांक काढून टाकावा आणि वार, वेळ, जागा एवढेच ठेवावे. नगरपरिषदेस नियोजनासाठी तेवढे पुरते.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा काढता येईल. ॲप हे शुल्क भरण्याचे उत्तम साधन आहे. ते शुल्काचे समर्थन नव्हे. त्याचे खरे मोल सुट्या पैशांची अडचण दूर होते यात नसून, रस्त्याच्या वापराचे आजवर नगरसंस्थेस नसलेले ज्ञान त्यातून मिळू शकते यात आहे. ते ज्ञान नगरपरिषदेच्या दप्तरात येणार असेल तरच ॲपास सुधारणा म्हणता येईल. ते गुत्तेदाराकडे राहणार असेल, तर जुना गुत्ताच नव्या वेषात आला असे समजावे.

गंगापूरसारख्या गावी अशी योजना कधी विचारास आली, तर शुल्क ठरविण्याच्या आधी मोजणी व्हावी. बाजाराच्या दिवशी व इतर दिवशी, दर तासाला, बसस्थानक, तहसील व बाजारपेठ येथील उभ्या वाहनांचे प्रकार आणि क्रमांकांचे शेवटचे अंक टिपले, तर एक गाडी सरासरी किती वेळ थांबते आणि जागा दिवसातून कितीदा फिरते हे काढता येते. त्यास वही, पेन्सिल आणि चार विद्यार्थी पुरतात. इतर दिवशी जागा अर्ध्याहून अधिक रिकामी राहते असे आढळल्यास शुल्क बाजाराच्या दिवसापुरते आणि ठराविक तासांपुरते असावे. त्याहून अधिक मागण्यास आधार राहणार नाही. दुकानासमोरच्या गाड्या बहुतांशी दुकानदारांच्याच आहेत असे आढळल्यास प्रश्न शुल्काचा नसून त्या गाड्यांस अन्यत्र जागा देण्याचा ठरेल, आणि १९३५ सालची ओक्लाहोमाची तक्रारच येथे पुन्हा भेटेल.

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांविषयी अशी मोजणी पदव्युत्तर प्रबंधास योग्य असा विषय आहे. एकाच पद्धतीने गंगापूर, वैजापूर व पैठण येथे ती झाली, तर औद्योगिक क्षेत्राचे सान्निध्य, बाजाराचा व्याप आणि यात्रेकरूंची ये-जा या तीन कारणांचा परिणाम वेगळा करून पाहता येईल. शुल्क घ्यावयाचे की नाही याचा निर्णय अर्थातच नगरपरिषदेने आणि नागरिकांनी करावयाचा आहे. तो निर्णय अंदाजावर न होता मोजणीवर व्हावा, एवढे साहाय्य अभ्यासकांकडून होण्यासारखे आहे.